कढई, कॉलम आणि अण्णांचे डोळे

सकाळी सातला लॅबचं शटर वर केलं की पहिल्या बाकावर एखादे काका बसलेले असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर पेपर आधीच फुटल्याचा आनंद असतो. "ताई, आठ दिवस साखरेला शिवलो नाही. भात बंद. रोज कारल्याचा रस." मी दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते, "मूठ आवळा" म्हणते आणि बाकी काही बोलत नाही. त्यांची उपाशीपोटीची शुगर खरंच झकास येणार असते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ असते: एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. आमच्याकडे कुणी त्या नावानं ती मागत नाही. "तीन महिन्यांची पण काढायची का हो?" असं विचारतात, आणि 'हो' म्हटलं की त्या चेहऱ्यावरचा आनंद जरा मावळतो.

मी साताऱ्यात बावीस वर्षं टेक्निशियन आहे. माहेर पेढेवाल्यांचं. मोती चौकातल्या मोठ्या नावाच्या दुकानांपैकी नव्हे. आमची गल्लीतली छोटी भट्टी, माल बहुतेक घाऊकात जाणारा. तर गोष्ट अशी की माहेर ज्या रंगावर चाललं, त्याच रंगावर माझी लॅबही चालते, आणि हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या पेपरात मी हे सगळं लिहून मार्क मिळवले होते, पण पेपरात लिहिणं आणि डोक्यात उजेड पडणं यात बरंच अंतर असतं.

आधी कढई. कंदी पेढ्याला म्हशीचं दूध लागतं. चार-साडेचार लिटर आटवलं की किलोभर खवा पडतो. तो पांढराच असतो, फार तर मलईच्या रंगाचा. बाहेरच्या माणसाला वाटतं झालं काम. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. तो खवा पुन्हा कढईत घालून मंद आचेवर भाजायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, लांब दांड्याचं उलथणं घेऊन उभे, घाम गळ्यातल्या पंच्याला पुसत, आणि उलथण्याचा बुडाला घासल्याचा एकसुरी आवाज. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग कडेनं तूप सुटायला लागतं. मग कडेचा खवा बदामी होतो, तो मधे ओढायचा, मधला कडेला ढकलायचा. मग एकदम, म्हणजे अगदी एकदम, अख्ख्या गोळ्याला रंग चढतो आणि भट्टीभर तो वास सुटतो. त्या क्षणानंतर दोन मिनिटं जास्त झाली तर कडू, दोन मिनिटं कमी तर कच्चा. घड्याळ कधी नव्हतंच. अण्णा डोळ्यांनी ठरवायचे.

पाहुणे हमखास विचारतात, हा तांबूस रंग साखर करपल्याचा ना? नाही. साखर पडते नंतर, तीही बेताची. आणि वाण्याकडची साखर, म्हणजे सुक्रोज, या खेळात थेट उतरतच नाही. तिचं दुसऱ्याला धरायचं टोक आतल्या आत बांधलेलं असतं. रंग येतो तो दुधातल्या दुधात. दुधाची स्वतःची साखर लॅक्टोज, आणि दुधाचीच प्रथिनं. प्रथिनांच्या साखळीत लायसीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याचा एक हात मोकळा लोंबत असतो. लॅक्टोज तो हात धरतो. बाकी सगळं, रंग, वास, ती खमंग चव, त्या एका हात धरण्यातून पुढे होत जातं.

१९१२ साली लुई-कामिय मेयार नावाच्या फ्रेंच माणसानं हे कागदावर आणलं. (इंग्रजी स्पेलिंग बघून आपण त्याला 'मेलार्ड' म्हणतो, बिचाऱ्याची काय चूक.) त्यानं अमिनो आम्लं आणि साखर पाण्यात एकत्र तापवली, तर मिश्रण तपकिरी झालं. पेढेवाल्यांना, भाकरी भाजणाऱ्या बायकांना, शेंगदाणे भाजणाऱ्यांना हे शेकडो वर्षं ठाऊक होतं. मेयारची खरी हुशारी पुढे आहे. त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं की ही क्रिया शरीरातही होत असेल आणि मधुमेहाच्या अभ्यासात तिचा विचार करावा लागेल. त्यावर बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. खाद्यपदार्थवाल्यांनी मात्र दिलं. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेतल्या जॉन हॉज या रसायनशास्त्रज्ञानं १९५३ साली या क्रियेच्या सगळ्या पायऱ्यांचा नकाशा काढला. तो आजही पाठ्यपुस्तकांत तसाच छापतात, आणि मी परीक्षेत तो पाठ करून काढला होता, एकही बाण न समजता.

बाण मला समजले ते लग्नकार्यात. खोटं नाही सांगत. चुलतभावाच्या साखरपुड्याला बसले होते आणि शेजारची मावशी म्हणाली, "साखरपुडा काय गं, मोडतो पण कधी कधी. अक्षता पडू देत." आणि माझ्या डोक्यात हॉजचा नकाशा उलगडला.

पहिली पायरी म्हणजे साखरपुडा. साखरेनं प्रथिनाचा हात धरला, पण बंध कच्चा. काही तासांत सुटूही शकतो. रसायनशास्त्रात याला शिफ बेस म्हणतात. दुसरी पायरी म्हणजे लग्न. धरलेल्या हाताची आतल्या आत मांडणी बदलते, बंध पक्का होतो, परत फिरणं जवळजवळ नाही. ही मांडणी शोधणाऱ्या इटालियन आमादोरीच्या नावानं ती ओळखली जाते. आणि तिसरी पायरी वर्षानुवर्षांची: लग्न झालेल्या साखरेचं रूप आणखी बदलत जातं, ती शेजारच्या दुसऱ्या प्रथिनालाही धरते, आणि दोन स्वतंत्र दोरे एकमेकांना कायमचे बांधले जातात. सात जन्मांची गाठ. खव्यात या तिन्ही पायऱ्या अर्ध्या तासात उरकतात. ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगात, पहिलीला तास, दुसरीला दिवस-आठवडे, तिसरीला महिने आणि वर्षं.

आता लॅबमधला कॉलम. आमच्या मशिनमध्ये बोटाएवढी एक स्टीलची नळी असते, आत बारीक दाण्यांचं भरण. तिच्यातून रक्त, खरं म्हणजे फोडलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन, दाबानं ढकलतात. ज्याच्या अंगावरचा विद्युतभार कमी, ते दाण्यांना कमी चिकटतं आणि आधी बाहेर पडतं. स्क्रीनवर डोंगरांची रांग उमटत जाते. आधी दोन-तीन टेकाडं, मग एक बुटकं टेकाड, मग ज्याची सगळ्यांना भीती तो मधला सुळका, आणि शेवटी अजिंक्यताऱ्याएवढा मोठा कडा, म्हणजे साखर न लागलेलं साधं हिमोग्लोबिन. एका सँपलला दीड-दोन मिनिटं. मी रोज ऐंशीएक डोंगररांगा बघते आणि तरी मला त्यांचा कंटाळा आलेला नाही.

तो मधला सुळका म्हणजे एवनसी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं पहिलं, व्हॅलीन, साखळीच्या टोकाला मोकळं असतं. त्या टोकाला ग्लुकोजशी ज्यांचं लग्न लागलेलं आहे, त्यांचा हा सुळका. आणि त्याच्या आधीचं बुटकं टेकाड? ते साखरपुडेवाले. कुणी आत्ताच चहा-जिलबी हाणून आला असेल तर ते टेकाड जरा फुगतं. सुळक्यावर त्याचा परिणाम नाही. तसाच आठ दिवसांच्या कारल्याच्या रसाचाही फारसा नाही, कारण झालेली लग्नं रसानं मोडत नाहीत. काकांचा पेपर फुटत नाही तो इथं.

एवनसी ७ म्हणजे शंभरातल्या सात हिमोग्लोबिनांना ग्लुकोज लागलेलं. हिशेबानं सरासरी शुगर १५४. अण्णांचं गेल्या वर्षी ८.४ होतं. म्हणजे सरासरी १९४ च्या आसपास. ते पुढे येईलच.

हे सगळं पहिल्यांदा नजरेस आलं तेहरानमध्ये. सॅम्युएल रहबर हे तिथल्या विद्यापीठातले डॉक्टर, विचित्र हिमोग्लोबिनं शोधत होते. आपल्याकडे सिकल सेल शोधतात त्याच पद्धतीनं, विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन पळवून. त्यांना काही जणांच्या रक्तात एक पट्टा नेहमीपेक्षा वेगानं पळताना दिसला. ती माणसं मधुमेही निघाली. मग त्यांनी मुद्दाम मधुमेहीच तपासले. ४७ जणांत तो पट्टा सापडला. १९६८ साली त्यांनी ते छापलं. आनुवंशिक दोष शोधायला निघालेल्या माणसाला वाटेत जगण्याची नोंदवही सापडली. पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अँथनी सेरामी यांच्या गटानं दाखवलं की ही नोंदवही वाचून उपचार नीट चाललेत की नाही ते ठरवता येतं. निदानासाठी तिला अधिकृत मान मिळाला तो मात्र २०१० नंतर. मी नोकरीला लागले तेव्हा साताऱ्यात ही टेस्ट अगदी मोजकेच डॉक्टर लिहायचे, आणि सँपल कुरियरनं पुण्याला जायचं.

मला या नोंदवहीत सगळ्यात आवडते ती तिची मर्यादा. लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) नाहीत. नुसतं ग्लुकोज फोडून मिळेल तेवढ्यावर ती दिवस काढते. तिच्या दाराला इन्शुलिनची किल्लीही लागत नाही, बाहेर जेवढी साखर तेवढी आत. जिच्यावर पोट भरायचं, तीच अंगाला चिकटत जाणार. आणि शरीर त्यावर काय करतं? दुरुस्तीच्या फार भानगडीत पडत नाही. (लायसीनवरची काही लग्नं मोडणारं एक एन्झाइम पेशीत आहे, काडीमोड करून देणारं, पण टोकाच्या व्हॅलीनला ते हात लावत नाही, म्हणून आमची टेस्ट टिकून आहे.) शरीर पेशीच टाकून देतं. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या लाल पेशी हाडांच्या मगजातून बाहेर पडतात आणि तेवढ्याच जुन्या प्लीहा-यकृतात मोडीत निघतात. पाटी पुसून कोरी. चार महिन्यांपूर्वीच्या गणपतीत खाल्लेले मोदक तुमच्या रक्ताला आज आठवत नाहीत.

पाटी वेळेवर पुसली गेली नाही तर घोळ होतो. आमच्या वहिनीचा झाला. तिच्या ऑफिसात कुणीतरी तपासणी शिबिर भरवलं. रिपोर्टवर एवनसी ६.२ आणि शेजारी ठळक अक्षरांत 'मधुमेहपूर्व'. घरात सुतक पडल्यासारखं झालं. पेढेवाल्यांच्या सुनेला पेढा बंद. दिवाळीत ती फराळाच्या ताटाकडे बघत चिवडा खात बसली. मी तो कागद उशिरा बघितला, तर त्याच पानावर, दोन ओळी वर, हिमोग्लोबिन ८.१. त्याकडे शिबिरवाल्यांचं, वहिनीचं, कुणाचंच लक्ष नाही! लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी येतात, जुन्या रेंगाळतात, आणि जुन्या पेशींना साखर धरायला जास्त दिवस मिळतात. शुगर वाढलेली नसतानाही आकडा वर सरकतो. तिची उपाशीपोटीची शुगर ८८ होती. चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर एवनसी ५.६. उलट एखाद्याला रक्त चढवलेलं असेल, किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर आकडा खोटाच खाली येतो. दोन्ही सिकल जनुकं असलेल्या माणसात तर साधं हिमोग्लोबिनच बनत नाही, तिथं हा आकडा काढण्यात अर्थच नाही. म्हणून मी डोंगररांग बघितल्याशिवाय नुसता आकडा सोडत नाही. सर कधी कधी म्हणतात, "अगं, रिपोर्ट सोड, पेशंट खोळंबलेत." खोळंबू देत.

एक प्रश्न मला कायम पडायचा. साखर एवढी चिकट, तर आपण रक्तात ग्लुकोजच का घेऊन फिरतो? उत्तर वाचलं तेव्हा उठून चहा केला होता. त्याच्यासारख्या सगळ्या साखरांमध्ये ग्लुकोज सगळ्यात कमी चिकट आहे. प्रथिनाला धरायला साखरेचं कडं उघडून सरळ साखळी व्हावी लागते, आणि ग्लुकोज जवळजवळ कायम कडं मिटूनच बसलेलं असतं. लाखात दोनेक रेणू उघडे सापडतात. फ्रुक्टोज त्यापेक्षा कितीतरी वेगानं चिकटतं. १९८१ साली बन आणि हिगिन्स या दोघांनी हे मोजलं आणि सुचवलं की म्हणूनच जीवसृष्टीनं रक्तातलं इंधन म्हणून ग्लुकोज निवडलं असेल. सर्वांत कमी उपद्रवी भाडेकरू. मला हे पटतं.

पाखरांचं काय, असं मला एकानं विचारलं होतं, त्याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. कबुतराची शुगर माणसात असती तर आम्ही रात्रीच डॉक्टरांना फोन केला असता. तरी ते आपल्या आकाराच्या उंदराच्या कितीतरी पट जगतं. त्यांच्या लाल पेशी ग्लुकोजला आत फारशा घेतच नाहीत हे एक कारण. बाकीचं पाखरांनाच ठाऊक.

तर लाल पेशीचं ठीक आहे, ती टाकून देता येते. जे टाकून देता येत नाही त्याचं काय? माझ्या मते म्हातारपणाचा निम्मा विषय एवढ्या एका प्रश्नात आहे. सांध्यातल्या कूर्चेचं कोलॅजन इतक्या हळू बदलतं की माणसाचं आयुष्य अपुरं पडावं. त्याचं अर्धआयुष्य शंभर वर्षांच्या वर मोजलेलं आहे. कातडीचं पंधराएक वर्षं. त्या दोऱ्यांमध्ये सात जन्मांच्या गाठी पडत जातात, लवचिक असतं ते ताठर होतं, पांढरं असतं ते पिवळसर. अशी सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे ग्लुकोसपेन. तिचा रेणू प्रयोगशाळेत बनवायलाच २०१५ उजाडलं, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात; गाठ हातात असल्याशिवाय ती सोडवायची कशी, याचा अभ्यासही करता येत नव्हता. गाठी तोडणारी, गाठी पडू न देणारी औषधं आधी येऊन गेली, माणसांवरच्या चाचण्यांत टिकली नाहीत. आणि दुकानात मात्र 'अँटी-ग्लायकेशन' (साखर चिकटू न देणारं म्हणे) क्रीम मिळतं, साडेअठराशे रुपयांना. असो.

दाताचं इनॅमल तर एकदा बनलं की बनलं. तिथली नोंद साखरेची नाही, पण गंमत तीच. सजीवांची प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनतात, डाव्या म्हणू. आरशातली उजवी जोडी रसायनशास्त्राला तितकीच मान्य, पण जीव ती प्रथिनांत वापरत नाही. नुसतं ठेवून दिलं तर मात्र डावं हळूहळू उजवं व्हायला लागतं, दोन्ही सारखे होईपर्यंत. जिवंत शरीर जुनी प्रथिनं मोडून नवी बनवत राहतं म्हणून हे दिसत नाही. जिथं मोडणं-बांधणं थांबलं, तिथं दिसतं. १९७५ साली हेल्फमन आणि बाडा यांनी जिवंत माणसांच्या इनॅमलमध्ये मोजलं: साठीला आलेल्याच्या दातातलं सुमारे ८ टक्के ॲस्पार्टिक आम्ल उजवं झालेलं असतं. हसतो तेव्हा आपण आपला दाखला दाखवत असतो. परग्रहावर जीव शोधणारे लोकही हेच बघायचं म्हणतात, की तिथल्या मातीत एकाच हाताची गर्दी आहे का. गर्दी असेल तर कुणीतरी निवडतंय.

आणि डोळ्याचं भिंग. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची. पेशींनी केंद्रकं टाकून दिलेली, त्यामुळे बदलायला आत कुणी नाही. ग्रीनलंड शार्कचं वय असंच काढलं, २०१६ साली. कोपनहेगनच्या संशोधकांनी २८ माद्यांच्या भिंगांच्या गाभ्यातला कार्बन-१४ मोजला. सगळ्यात मोठीचं वय निघालं सुमारे ३९२ वर्षं, १२० वर्षं इकडे-तिकडे. इकडे-तिकडे १२०! आमच्या रिपोर्टात ०.२ चा फरक आला तरी पेशंट भांडायला येतो.

आता अण्णा. वय ७४, बाविसाव्या वर्षापासून भट्टीवर, बावन्नाव्यापासून मधुमेह. पथ्य असं की पेढा खायचा नाही, चाखायचा. दिवसातून चार वेळा चाखायचा. गेली तीन-चार वर्षं भाऊ कुरकुरत होता की अण्णांच्या हातचा माल फिका उतरतोय. अण्णा कढई लवकर उतरवतात. घाऊकवाला एकदा बोलून गेला, "अण्णा, हल्ली दुधाचा पेढा पाठवता का?" अण्णा भडकले. "रंग मला शिकवू नका. पन्नास वर्षं बघतोय." आम्हाला वाटलं, हात थकले, उभं राहवत नाही, म्हणून उरकतात. तसं तोंडावर कोण बोलणार.

माघात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलं, बराच पिकलाय, तपकिरी झालाय. हल्ली भिंग अखंड काढत नाहीत, आतच फोडून ओढून घेतात, त्यामुळे मला ते बघायला मिळालं नाही, याची माझ्यातल्या टेक्निशियनला चुटपुट लागून राहिली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. अण्णांनी पहिलं वाक्य काढलं ते आईच्या पातळाबद्दल. "हे निळं आहे होय?" मग भिंतीकडे बघून, "आणि चुना कधी मारला?" भिंतीला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता.

भिंग तपकिरी होण्यात सगळा दोष साखरेचा नाही. ऊन, प्राणवायू, भिंगातच ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनणारी पिवळी द्रव्यं, आणि साखरेच्या गाठी. सगळ्यांनी मिळून केलेलं काम. पण मधुमेहात ते लवकर होतं, आणि भिंगालाही लाल पेशीसारखीच इन्शुलिनची किल्ली लागत नाही.

आठवड्यानं त्यांना भेटायला गेले. डोळ्यावर तो काळा चष्मा, समोर ताटलीत दोन पेढे, भावाच्या हातचा एक आणि त्यांच्या जुन्या घाण्यातला डब्यात उरलेला एक. चष्मा काढून अण्णांनी आपला उरलेला पेढा बोटांच्या चिमटीत खिडकीपाशी धरला. डावा डोळा मिटला. बघितलं. मग उजवा मिटून डाव्यानं बघितलं. परत डावा मिटला. पाच-सहा वेळा हेच. मी दारातच उभी राहिले.

"बाय," ते म्हणाले, "या डोळ्याला भाजलेला दिसतोय. आणि या डोळ्याला कच्चा."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी शेजारी बसले. मला सांगायचं होतं की मेंदू रंगाशी जुळवून घेतो, नुसत्या भिंगामुळेच झालं असेल असं छातीठोक सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं होतं तर तेही हसून "असू शकेल" एवढंच म्हणाले होते. पण माझ्या डोळ्यांपुढे सगळं चित्र लागलेलं होतं. कढईतल्या दुधाला जो रंग अर्ध्या तासात चढतो, तोच या माणसाच्या भिंगाला चढायला सत्तर वर्षं लागली होती, आणि तो त्या रंगातून हा रंग पारखत होता. खव्याचा निम्मा तांबूसपणा त्याच्या स्वतःच्या डोळ्यातला होता.

"कच्चाच आहे," शेवटी अण्णांनी पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. उरलेला अर्धा तोंडात टाकला. मी आकडा आठवून दिला, ८.४. "चाखतोय," ते म्हणाले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्यानं झालं. तीन महिन्यांनी मी त्यांचं रक्त घरीच घेतलं, आणि दुपारी मशिनवर त्यांची डोंगररांग बघितली. सुळका खाली आला होता, ७.६. भट्टीवर जाणं बंद असल्यानं चाखणं कमी झालं असावं. त्याचं श्रेय मी घेत नाही. डोळ्यात बसवलेल्या भिंगाला हे काही लागत नाही. ते प्लास्टिक आहे, त्याला धरायला साखरेला हात सापडत नाही.

परवा सुट्टीला माहेरी होते. पहाटेच भट्टीवरून उलथण्याचा आवाज आला म्हणून उठून गेले. भाचा कढईवर होता, अण्णा मागे स्टुलावर, हात गुडघ्यांवर. कडेनं तूप सुटलेलं, बदामी रंग मधे सरकत आलेला. मग तो नेहमीचा क्षण आला, गोळ्याला एकदम रंग चढला, वास सुटला. भाच्यानं फडकं हातात घेतलं.

"उतरवू आजोबा?"

अण्णा पुढे वाकले.

"थांब," म्हणाले. "अजून नाही."